दहावीचा कार्बन आणि खोबरेल : प्रयोगांच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

निवडणुकीच्या ड्युटीने आठवडा खाल्ला. मतदान २० तारखेला झालं, पण आधीची प्रशिक्षणं आणि नंतरची झोप धरली तर आजच खऱ्या अर्थाने वर्गावर आले. दहावीचा नववा धडा, कार्बनी संयुगे. गेल्या वर्षी मी तो फळ्यावरच संपवला होता. पूर्वपरीक्षेत 'साबणीकरण म्हणजे काय?' या प्रश्नाला 'अंगाला साबण लावण्याची क्रिया' असं उत्तर तीन पेपरांत सापडलं. हसू आलं, पण चूक माझी होती. साबणीकरण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा मिळून साबण होणं, आणि साबण होताना त्या पोरांनी पाहिलाच नव्हता.

यंदा ठरवलंय की धड्यात जे हाताने करता येईल ते सगळं करायचं आणि रोज लिहून ठेवायचं. आमच्यासारख्या लातूरकडच्या खेड्यातल्या अनुदानित शाळेत कुणाला हेच करायचं असेल तर निदान माझ्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत.

कपाट उघडलं. २२ परीक्षानळ्या (४ तडकलेल्या), दोन चंचुपात्रं, एक स्पिरिटचा दिवा, संहत सल्फ्युरिक आम्लाची पाऊण बाटली, पोटॅशियम परमँगनेट, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोड्याची एक जुनी बाटली, जिच्यात आता दगड झालाय. मुलं ३८. मुख्याध्यापकांनी १५०० रुपये मंजूर केले, पावत्या मागितल्या.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सुरुवात प्रतिकृतींपासून. प्लॅस्टिकच्या गोळ्याकाड्यांचा तयार संच महाग, शिवाय एकच येतो. अरविंद गुप्ता यांची काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची रचना मला माहीत होती, पण गावातल्या सायकल दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मिळेना. आता सगळ्यांच्या सायकलींना दुसरेच व्हॉल्व्ह. मग रात्रभर भिजवलेले हरभरे आणि टूथपिक. काळे हरभरे कार्बन, काबुली हायड्रोजन.

मिथेन झाला, इथेन झाला. पण काळ्या हरभऱ्याला चार टूथपिक टोचताना प्रत्येकाने ती अधिक चिन्हासारखी एकाच पातळीत टोचली, कारण फळ्यावर मी तसंच काढते. दोन बंधांमधला कोन १०९.५ अंश, असं सांगून काही होत नाही. पुठ्ठ्याचा १०९ अंशांचा कोन कापला, १० तुकडे वाटले आणि कोणत्याही दोन काड्यांमध्ये तो बसलाच पाहिजे अशी अट घातली. दहा मिनिटं आरडाओरडा झाला. मग एका मुलाचा मिथेन टेबलावर तीन पायांवर उभा राहिला आणि चौथी काडी सरळ वर. त्यानंतर फारसं समजवावं लागलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. कपाट उघडलं तर कार्बनला मोड आलेले. हायड्रोजन सुरकुतून काड्यांवरून गळालेत. मुलांनी याला 'जैविक कार्बन' असं नाव दिलं, तेवढीच करमणूक. हरभरे त्याच दिवशी वापरून मोकळं व्हायचं. टिकवायच्या असतील तर प्रतिकृती शाडूच्या करा, पण शाडूत थोडा कापूस मळा. नुसता शाडू वाळताना काड्यांभोवती तडकतो. आमचे पहिले १२ गोळे तसेच गेले.

पेंटेनचे (पाच कार्बनचा अल्केन) समघटक, म्हणजे अणू तेच आणि तेवढेच पण जोडणी वेगळी अशा रचना, शोधायला दिले. सहा गट, त्यातल्या चार गटांनी चार समघटक सापडल्याचं सांगितलं. असतात तीनच. चौथा म्हणजे दुसराच, उलटा धरलेला. इथे प्रतिकृतीचा खरा उपयोग झाला : दोन्ही हातात घेऊन फिरवा, एकावर एक बसल्या तर एकच. हेक्सेनसाठी एक गट सातावर पोचला होता, फिरवत फिरवत पाचावर आला.

३ डिसेंबर, मंगळवार

आज माझी फजिती. फळ्यावर लिहिलं : संपृक्त संयुग (कार्बन-कार्बन बंध सगळे एकेरी) जळताना निळी, स्वच्छ ज्योत. असंपृक्त (दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेलं) जळताना पिवळी ज्योत आणि काजळी. मग स्टीलची ताटली मेणबत्तीवर धरली. काळीभोर काजळी. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "मॅडम, मेण तर अल्केन म्हणालात ना? मग संपृक्तच की."

बरोबर होतं तिचं. घंटा होईपर्यंत मी सावरासावर करत राहिले. घरी बसून विचार केला तेव्हा कळलं की मी दोन गोष्टींची गल्लत करत होते. ज्योतीला हवा किती मिळते हा एक भाग, आणि रेणूत हायड्रोजनच्या मानाने कार्बन किती हा दुसरा. मेणाची वाफ वातीभोवती हवेशिवायच तापते, त्यात गार ताटली मध्येच घातली की न जळलेला कार्बन तिच्यावर बसणारच. कापराचंही तसंच. त्याच्या रेणूतल्या कार्बन-कार्बन बंधांत एकही दुहेरी नाही, पण १० कार्बनला १६ च हायड्रोजन, म्हणून देव्हाऱ्याचं छत काळं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग वेगळा मांडला. स्पिरिटचा दिवा, मेणबत्ती, कापूर, तिन्हींवर सारख्याच उंचीवर तीन ताटल्या, पाच सेकंद. आधी 'कुणाची काजळी जास्त' हे बघायचं, नियम नंतर. गॅसच्या शेगडीचं हवेचं भोक बोटभर कागदाने झाकून निळी ज्योत पिवळी होतानाही दाखवली. वेल्डिंगवाल्याकडून कार्बाइड आणून ॲसिटिलीन पेटवण्याचा मोह झाला होता, तो सोडला. ३८ मुलांच्या खोलीत ते नकोच.

५ डिसेंबर, गुरुवार

तेलांची आयोडीन चाचणी. तेलातल्या दुहेरी बंधांना आयोडीन जाऊन बसलं की त्याचा रंग जातो, म्हणून रंग जितक्या लवकर जाईल तितकं तेल जास्त असंपृक्त. मेडिकलमध्ये 'आयोडीन द्या' म्हटलं, त्याने पोव्हिडोन आयोडीनची बाटली दिली, ११० रुपये. मी लेबल वाचलं नाही. ते पाण्यातलं असतं आणि त्यातलं आयोडीन एका बहुवारिकाला (पॉलिमरला) धरून बसलेलं असतं. तेलाच्या नळीत टाकलं की तपकिरी थेंब तळाला जाऊन बसतो. हलवलं की चहासारखं गढूळ, थांबलं की पुन्हा खाली. अख्खा तास वाया.

हवं असतं टिंक्चर आयोडीन, म्हणजे अल्कोहोलातलं. तालुक्याच्या चार मेडिकलांत मिळालं नाही. शेवटी मिळालं जनावरांच्या औषधांच्या दुकानात.

९ डिसेंबर, सोमवार

पुन्हा आयोडीन. पाच नळ्या, प्रत्येकीत ४ मिली : खोबरेल, शेंगदाणा, करडई, जवस आणि पातळ केलेलं वनस्पती तूप. करडई आणि जवस गावातल्या लाकडी घाण्यावरचं. प्रत्येकीत टिंक्चरचे चार थेंब, हलवून नळ्या कडकडीत पाण्यात.

दहा मिनिटांत सगळ्यांचा रंग उडाला. खोबरेलाचाही. मुलांनी वहीत लिहिलं, 'सर्व तेले असंपृक्त'. मीही क्षणभर गप्प.

आयोडीन तापलं की वाफ होऊन निघून जातं, नळीचं तोंड उघडं होतं आणि वर जांभळट धूर दिसतही होता. तो मी पाहिला आणि सोडून दिला. कोरी नळी (तुलनेसाठी, जिच्यात अभिक्रिया होणारच नाही अशी) ठेवलीच नव्हती, म्हणजे रंग अभिक्रियेने गेला की वाफेने, हे सांगणार कोण?

दुपारी पुन्हा मांडणी केली. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणलं (६५ रुपये, बद्धकोष्ठावर देतात ते). ती संपृक्त हायड्रोकार्बनांची सरमिसळ, म्हणून आमची कोरी नळी. सगळ्या नळ्यांना बुचं. पाणी कोमट, बोट बुडवता येईल इतकंच. मोबाइलवर वेळ लावली.

पॅराफिनमध्ये गंमत झाली. तपकिरी टिंक्चर हलवल्यावर गुलाबी-जांभळं झालं आणि मुलं ओरडली, 'अभिक्रिया झाली!' नाही झाली. आयोडीन अल्कोहोलात तपकिरी दिसतं, हायड्रोकार्बनात जांभळं, एवढंच. अर्ध्या तासानंतरही तो जांभळा रंग तसाच होता. जवसाचा रंग सर्वांत आधी गेला, सहा-सात मिनिटांत. मग करडई. शेंगदाण्याला पंधरा मिनिटं लागली. वनस्पतीचा अर्धामुर्धा फिका झाला. खोबरेल जवळजवळ तसंच.

वनस्पती फिकं झालेलं पाहून घाबरू नका. ते पूर्ण संपृक्त नसतंच. पूर्ण संपृक्त केलं तर चमच्याने खरवडावं लागेल.

हा क्रम मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावला. मुलं खोबरेलावर खूश, आणि मीही. म्हटलं, साबण याचाच करू. इथून पुढची निम्मी डोकेदुखी याच निर्णयाची.

११ डिसेंबर, बुधवार

साबण, प्रयत्न पहिला. वीस मिनिटांत बंद.

आमच्याकडे मोठं भांडं नाही म्हणून पोषण आहाराच्या खोलीतलं पातेलं आणलं. कॉस्टिक पाण्यात टाकलं आणि पातेलं फसफसायला लागलं. जर्मनचं होतं. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो, हे मी दरवर्षी धातूंच्या धड्यात शिकवते. खिडक्या उघडल्या, मुलांना बाहेर काढलं, पातेलं नळाखाली अर्धा तास धरलं. आतून पांढरं, खरबरीत झालं. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, तुमचा सायन्स आमच्या भाताला नका लावू." नवं पातेलं ४२० रुपये, माझ्या पैशाने, तेही स्टीलचं नाही, जर्मनचंच हवं म्हणाल्या.

कॉस्टिकसाठी फक्त स्टील, काच किंवा जाड प्लॅस्टिक. आणि दुकानात मोरी साफ करायच्या पुड्या मिळतात त्या आणू नका. त्यांतल्या काहींत मुद्दामच ॲल्युमिनियमचे तुकडे घातलेले असतात.

कपाटातला कॉस्टिकचा दगडही फेकला. बुच सैल राहिलं की तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू धुण्याचा सोडा बनतो. त्याचं वजन घेऊन काही उपयोग नाही. नवी थैली, अर्धा किलो, ९० रुपये.

१३ डिसेंबर, शुक्रवार

साबण, प्रयत्न दुसरा. सकाळी खोबरेल बाटलीत गोठलेलं, बाटली उन्हात ठेवावी लागली. हिशेब असा : १०० ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८.३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. सोनाराकडे असतो तसा खिशातला काटा ३५० रुपयांना घेतला, तो ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. कॉस्टिक १८.३ ग्रॅम, पाणी ३८ मिली. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. भांडं हाताला चटका बसेल इतकं तापतं. हा भाग मी एकटीने केला, गॉगल आणि हातमोजे घालून. मुलं दोन मीटरवर.

गार झाल्यावर तेलात ओतलं आणि ताकाच्या रवीने घुसळायला मुलांना दिलं, गॉगल घालून, पाळीपाळीने. पस्तीस मिनिटांनी रवी उचलली की पृष्ठभागावर रेघ उमटून राहायला लागली. श्रीखंडाला चक्का लागतो तेवढं दाट. चहाच्या कागदी कपांत ओतलं.

१४ डिसेंबर, शनिवार

साबण छान कडक झाला, कपातून सहज सुटला. पीएच पट्टी लावली तर गडद निळी-जांभळी, बारा-तेराच्या घरात. साबण नऊ-दहाचा असतो.

चूक शोधायला तासभर गेला. तेल आम्ही मापाच्या पात्रात १०० मिली मोजलं होतं. हिशेब १०० ग्रॅमचा. खोबरेल पाण्याहून हलकं, १०० मिलीचं वजन ९२ ग्रॅम. त्याला लागणार १६.८ ग्रॅम कॉस्टिक, आम्ही घातलं १८.३. दीड ग्रॅम कॉस्टिक मोकळं फिरतंय. मी वर्गात घनता शिकवते, हे पुन्हा लिहायला नको.

टाकून दिला नाही. सगळ्या वड्या किसल्या (किसणी स्टीलची, हातमोजे), त्यात १३ ग्रॅम खोबरेल आणि चमचाभर पाणी घालून स्टीलच्या डब्यात, डबा उकळत्या पाण्यात. एकूण तेल १०५ ग्रॅम झालं, कॉस्टिक १०० ग्रॅमपुरतं, म्हणजे ५ टक्के तेल शिल्लक. ते शिल्लक हवंच असतं, हाताला मऊ लागतं. दीड तास ढवळल्यावर पट्टी दहावर आली. दिसायला वड्या ओबडधोबड, मेणचट.

हळदीची पट्टी वापरून काम भागेल असं आधी वाटलं होतं. भागत नाही. हळद चांगल्या साबणालाही लाल होते आणि बिघडलेल्यालाही. पीएच पट्टीला पर्याय नाही. १२० रुपये.

१७ डिसेंबर, मंगळवार

साबणाच्या द्रावणात मीठ घातलं की साबण वेगळा होऊन वर तरंगतो, हे दाखवायचं होतं. वर्गात मी बेधडक सांगून बसले, "आता बघा."

१० ग्रॅम साबण, १०० मिली गरम पाणी. १० ग्रॅम मीठ घातलं. काही नाही. २० ग्रॅम. काही नाही. शेवटी मीठ विरघळेनासं झालं तेव्हा वर थोडी साय जमली. तीही मीठच असेल असं दोघा मुलांचं मत पडलं.

सगळं पुन्हा तपासलं : मीठ, साबण, तापमान. दोष कशातच नव्हता. दोष असलाच तर खोबरेलाचा. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, १२ कार्बनचं. शृंखला आखूड, म्हणून त्याचा साबण खारट पाण्यातही विरघळून बसतो. समुद्रावरच्या लोकांना खोबरेलाचा साबण चालतो तो याचमुळे. करडईत मुख्यतः १८ कार्बनचं लिनोलेइक आम्ल. सहा कार्बनचा फरक, पण मिठाला तो कळतो.

१८ डिसेंबर, बुधवार

करडईचा साबण. १०० ग्रॅम तेल (ग्रॅमच, काट्यावर), कॉस्टिक १२.९ ग्रॅम. पूर्ण साबणाला १३.६ लागतं, त्यातून ५ टक्के कमी. घुसळून घुसळून हात दुखले, दोन तासांनीही रेघ उमटेना. शेवटी डबा उकळत्या पाण्यात ठेवून संध्याकाळपर्यंत ढवळत बसले. शिपाईमामा मदतीला होते म्हणून झालं. साबण पिवळसर आणि मऊ, लोण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मिठाचा प्रयोग याच्यावर केला. १० ग्रॅम मीठ पुरे झालं. दुधात लिंबू पिळल्यासारखा साबण फाटला आणि दही वर आलं. फडक्यातून गाळून प्रत्येक गटाला गोळा दिला.

१९ डिसेंबर, गुरुवार

ईस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल मिळून होणारं वासाचं संयुग. याचा पहिला प्रयत्न मी गेल्या आठवड्यात गुपचूप करून पाहिला होता, म्हणून वेगळी नोंद केली नाही. चायनीजच्या गाडीवर असतं ते व्हिनेगर (३५ रुपये) आणि स्पिरिट. वास आला तो व्हिनेगरचाच. व्हिनेगर म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, आणि या अभिक्रियेत पाणी बाहेर पडतं. पाण्याच्या टाकीत पाणी तयार करायला निघालेली मी. बॅटरीचं ॲसिडही सल्फ्युरिकच्या जागी चालत नाही, कारण तेच.

म्हणून ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणलं, अर्धा लिटर २४० रुपये. आज सकाळी बाटली काढली तर आत पांढरा घट्ट गठ्ठा. दुकानदाराने काहीतरी भलतंच दिलं असं वाटून मी फोनही लावला. मग नाव आठवलं. ग्लेशियल म्हणजे बर्फासारखं, ते १६.६ अंशांखाली गोठतं. रात्री थंडी कडाक्याची होती आणि प्रयोगशाळेच्या खिडकीला काच नाही. बुच सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवली, अर्ध्या तासात पातळ. मुलांना आधी गोठलेलीच बाटली दाखवायला हवी होती, ते राहिलं.

शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची भानगड, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट. त्याचा स्वतःचाच वास उग्र. यावेळी कोरी नळी विसरले नाही. एका नळीत १ मिली आम्ल आणि १ मिली स्पिरिट. दुसरीत तेच, वर संहत सल्फ्युरिकचे तीन थेंब (हे मी घातले). पाणी व्हरांड्यात गरम केलं, ज्योत विझवली आणि मगच भांडं आत आणलं. स्पिरिटजवळ ज्योत नको. पाच मिनिटं नळ्या गरम पाण्यात. मग दोन्ही नळ्या धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात वेगवेगळ्या ओतल्या. उरलेलं आम्ल फसफसून जातं आणि वास मोकळा होतो. थेट नळीला नाक लावायचं नाही, हाताने वारा घ्यायचा.

पहिल्या पात्राला स्पिरिटचा वास. दुसऱ्याला आधी मुलं फळाचा म्हणाली, कारण पुस्तकात तसं आहे. मग एक मुलगी म्हणाली, "नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा." शंभर टक्के बरोबर. ते इथिल ॲसिटेटच, काही रिमूव्हरमध्ये तेच असतं. पाण्यात ते बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून थर दिसत नाही. सोड्याच्या द्रावणात मूठभर मीठ घातल्यावर वर पातळ तवंग आला. मीठ इथे लगेच कामाला आलं.

एका कॉलेजच्या मैत्रिणीने आयसोअमाइल अल्कोहोलची छोटी कुपी दिली होती. त्याचा ईस्टर केला की पिकल्या केळ्याचा घमघमाट येतो. तो केला नाही. आमच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे आणि मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना बोलावण्यासाठी जे सोडते त्यात हाच ईस्टर असतो. कुपी कपाटात, वर चिठ्ठी : 'मोहोळ उठेपर्यंत उघडू नये.'

परमँगनेट आणि स्पिरिटचा प्रयोग याच तासात उरकला. गुलाबी रंग गेला, तपकिरी साका आला. पहिल्या फटक्यात जमलेला हा एकमेव.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

साबण चार आठवडे वाळवून झाले. खोबरेलाच्या वड्या खणखणीत, करडईच्या अजून बोट रुतेल अशा.

आज जड पाणी, म्हणजे ज्यात साबणाला नीट फेस येत नाही ते. शाळेच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार भरपूर, ते इतकं जड की तोट्यांवर पांढरा थर चढतो. मृदू पाणी म्हणून गॅरेजमधून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. प्रत्येक नळीत १० मिली पाणी, साबणाच्या द्रावणाचे १० थेंब, २० वेळा हलवायचं, पट्टीने फेस मोजायचा. पहिल्यांदा खोबरेल घेतला, कारण तोच वाळला होता. डिस्टिल्डमध्ये ७ सेंटिमीटर, बोअरच्या पाण्यात ५. थोडा गढूळपणा, बस. वर्गाचा निष्कर्ष : जड पाण्यात साबणाला फेस येतो.

मिठाला दाद दिली नाही त्याने कॅल्शियमलाही फारशी दिली नाही. हे मला १७ डिसेंबरलाच सुचायला हवं होतं. महिनाभर वड्या उलटसुलट करत बसले, एकदाही डोक्यात आलं नाही.

करडईचा घेतला. डिस्टिल्डमध्ये ६ सेंटिमीटर, बोअरमध्ये अर्धाही नाही आणि नळीला चिकटलेला पांढरा साका. कपडे धुण्याच्या पावडरीचं द्रावण दोन्हींत सारखंच फेसाळलं. आता फळ्यावर तिन्हींचे आकडे शेजारीशेजारी होते आणि मला काही बोलावं लागलं नाही. संक्रांत उद्यावर असल्याने एकाने तिळाच्या तेलाचा साबण कसा होईल विचारलं. मी म्हटलं, तेल घेऊन ये, काट्यावर मोजू.

१८ जानेवारी, शनिवार

हिशेब. एकूण खर्च २४१५ रुपये. शाळेचे १५००, माझे ९१५. त्यातले पाण्यात गेलेले : पातेलं ४२०, पोव्हिडोन आयोडीन ११०, व्हिनेगर ३५. गॉगल सहा, ३०० रुपये, त्यात काटकसर करू नका. काटा, गॉगल, आम्ल आणि निम्मं कॉस्टिक पुढच्या वर्षाला उरेल, तेव्हा ७०० मध्ये भागावं. कॉस्टिक आता बुच घट्ट लावून, दोन पिशव्यांत.

वेळ : ठरवले होते ८ तास, लागले १९. अभ्यासक्रम मागे पडला, अवकाश मोहिमांचा धडा दोन तासांत पळवला. त्यावर एका पालकांची तक्रारही आली आणि ती खोटी नव्हती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दहावीची परीक्षा २१ पासून सुरू झाली आहे. कपाट आवरताना साबणाचा डबा उघडला. खोबरेलाच्या वड्या नळावर ठेवल्या होत्या, त्यांतली एकच उरलीय. करडईच्या वड्यांवर नारिंगी ठिपके आणि जुन्या फरसाणासारखा खवट वास. भिंतीवर डिसेंबरचा कागद अजून आहे : जवस, करडई, शेंगदाणा, वनस्पती, खोबरेल. आयोडीन ज्या दुहेरी बंधांना जाऊन बसलं, तिथेच हवेतला ऑक्सिजनही शिरला. त्यासाठी नळी लागली नाही, फक्त दोन महिने लागले. नववीच्या मुलांना उद्या वास द्यायला एक वडी बाजूला ठेवली, बाकी मोरी धुवायला.

पुढच्या वर्षी तीन साबण. मिठासाठी आणि जड पाण्यासाठी करडईचा, ताजा, आदल्या दिवशी केलेला, वाळवायच्या भानगडीत न पडता. तुलनेला नुसत्या खोबरेलाचा. आणि हात धुवायला मिश्र : खोबरेल ७० ग्रॅम, करडई ३० ग्रॅम, कॉस्टिक १६ ग्रॅम, पाणी ३५ मिली. तेल काट्यावर. डबा स्टीलचा.